नाताळपर्यंत हसायचं नाही

नॉर्थ डकोटातल्या त्या एवढ्याशा गावात ब्रिटा हेल्गेसनला शिक्षिकेची पहिली नोकरी लागली, तेव्हा शेजारच्या वर्गाच्या वर्ना क्लाईनने तिला पहिल्याच दिवशी गाठलं.

"पोरी, दोन गोष्टी लक्षात ठेव. नाताळपर्यंत पोरांना दात दाखवायचे नाहीत. एकदा हसलीस की डोक्यावर मिरे वाटतील. आणि वाइन गावात घ्यायची नाही. दुकानात गल्ल्यावर बसते ना, तिची मुलगी तुझ्याच वर्गात आहे."

एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईचा सल्ला. नवी मास्तरीण तो मानणार नाही तर काय करणार! चौथी, पाचवी, सहावीची मिळून अकरा मुलं एकाच खोलीत. ब्रिटाने एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केला आणि तो उतरू म्हणून दिला नाही. ऑक्टोबरात एकाने प्राण्यांच्या धड्यावरच्या उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'बीव्हर धरण बांधतो, कारण घरी बायको ओरडते.' ब्रिटा फळ्याकडे वळली आणि कोरा फळा दोन मिनिटं पुसत राहिली. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मुख्याध्यापक दारातून डोकावून खूश होऊन जायचे.

बाईसाहेबांची खुशी मात्र कुणी विचारत नव्हतं. वर्ना दुपारी आजारी नवऱ्याला सूप भरवायला घरी जायची, म्हणून ब्रिटा वर्गातच एकटी डबा खायची. वाइनसाठी साठ मैल गाडी हाकायची. शाळा सुटल्यावर ती बोलायची ते फक्त पेट्रोल पंपावर. "थंडी आहे." "आहे." की संपला दिवस. रविवारी आईला फोनवर सांगायची, छान चाललंय. फोन ठेवला की घर खायला उठायचं. मुलं आपल्याला घाबरतात, आवडत मात्र कुणालाच नाही, याची तिला खात्री झाली होती.

डिसेंबरात मुख्याध्यापकांनी फॉर्म दिला: मेमध्ये शाळेचं वर्ष संपल्यावर पुढच्या वर्षी राहणार की नाही? तिने 'नाही'वर खूण केली आणि सुट्टीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी तो त्यांच्या खणात टाकून आली.

नाताळ आलाच होता. म्हणजे आता हसायला हरकत नव्हती. तिने डझनभर डोनट आणले, खोका उघडला आणि हसली. चार महिन्यांची सवय मोडायला जबडा तयार नव्हता, पण हसली.

एकाही पोराने डोनटला हात लावला नाही. सगळ्यांनी सहावीतल्या डेलेनीकडे पाहिलं.

"मिस, आज तुमचा शेवटचा दिवस ना?" डेलेनीने विचारलं.

"असं का वाटलं तुला?"

"तुमच्या आधीच्या मिस्टर प्रुइटनी जायच्या दिवशी डोनटच आणले होते. त्यांच्या आधीच्या मिसनी कपकेक. नाताळालाच गेल्या. त्यापण अशाच हसत होत्या. दोघंही आधी 'कुठे जात नाही' म्हणाले होते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, रडू नव्हतं. बाकातून तिने एक मोठं कार्ड काढून ब्रिटाला दिलं. "मिस्टर प्रुइटना आम्ही मागाहून पोस्टाने पाठवलं, तर परत आलं. म्हणून तुमचं सप्टेंबरातच करून ठेवलं."

आत अकरा नावं होती. वर लिहिलं होतं, 'तुम्ही आम्हाला खूप आवडलात.'

सप्टेंबरात! तेव्हा तर तिने यांच्याकडे धड मान वर करून पाहिलंही नव्हतं. जिथे आपलं कुणी नाही असं तिला रोज वाटत होतं, त्याच खोलीत ही पोरं चार महिने तिच्या जाण्याची धास्ती घेऊन गप्प बसली होती.

'मी कुठेही जात नाही' हे शब्द ओठांवर आले. पण फॉर्म खणात पडला होता, आणि या पोरांशी खोटं बोलणारी ती तिसरी झाली असती.

"मेपर्यंत आहे मी," ती म्हणाली.

डेलेनीने क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. "मग द्या परत. तेव्हा लागेल."

ब्रिटाच्या हातून कार्ड सुटेना. डेलेनीने ते हलकेच ओढून घेतलं, बाकात नीट ठेवलं आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "खा रे, अजून आहेत त्या."