सातव्या नियमाची दुसरी ओळ

मी एक जुना कागद आहे. नुसता कागद म्हटलं की तुम्ही पान उलटाल, म्हणून पूर्ण ओळख सांगतो. टेक्सासमधल्या एका लहान गावाच्या हायस्कुलात नववीला जगाचा भूगोल शिकवतात. त्या वर्गाच्या दाराशेजारी, दिव्याच्या बटणाच्या वर, मी बावीस वर्षं चिकटून आहे. माझ्या माथ्यावर ‘वर्गातील अपेक्षा व नियम’ असं ठळक लिहिलेलं आहे आणि खाली बारा नियम आहेत.

मित्रांनो, माझा जन्म वैतागातून झाला. हाइनिकेबाई तेव्हा नव्या होत्या, मवाळ होत्या, आणि मुलांनी त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. ऑक्टोबरात द्यायचे नकाशे मे महिन्यात येऊ लागले. एकदा तर एकोणीस नकाशांतून मादागास्कर गायब होतं, कारण ज्या पहिल्या मुलाची बाकीच्यांनी नक्कल केली तोच ते विसरला होता. बाईंनी त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला एका बैठकीत टाइप केलं आणि माझ्यावर प्लास्टिकचं कवच चढवलं. मुलांना शिस्त लागली ती माझ्यामुळे, असं मी स्वतःला सांगत आलो.

माझे दोन नियम तुम्हाला माहीत असायला हवेत. सातवा नियम असा: ‘उशिरा आलेला नकाशा घेतला जाणार नाही.’ आठवा असा: ‘प्रत्येक नकाशा देण्याआधी घरच्या मोठ्या माणसाने तो नीट पाहावा व मागे सही करावी.’

सातव्याला दुसरी ओळ पुढे जोडली गेली. त्याला निमित्त ब्रॅडी शुल्झ. हा फुटबॉल संघाचा कप्तान. त्याचा नकाशा चार दिवस उशिरा आला. आमच्याकडे सहा आठवड्यांच्या निकालात कुठल्याही विषयाचे गुण सत्तरच्या खाली गेले, की शाळेच्या नावाने मैदानात उतरता येत नाही आणि मुलांनी वाढवलेल्या जनावरांच्या प्रदर्शनात आपलं जनावर घेऊन उभंही राहता येत नाही. ब्रॅडीचे वडील तीनदा वर्गात आले. एकदा प्रिंटर बिघडला होता, एकदा आजी आजारी होती, तिसऱ्यांदा कुत्र्याच्या नावावर बिल फाडलं. बाई हलल्या नाहीत. ब्रॅडीविना शुक्रवारचा सामना हातचा गेला आणि पेंडीच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत गावाने बाईंना धू धू धुतलं. हेच गाव दुसऱ्याच्या पोराला सूट मिळाली असती तर पेटून उठलं असतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी बाईंनी जाड शाईच्या पेनाने माझ्या प्लास्टिकवर लिहिलं: ‘कारणे ऐकली जाणार नाहीत.’ पुढे मुख्याध्यापक नव्या शिक्षकांना मुद्दाम आणून ती ओळ दाखवू लागले. मी फुशारलो होतो, हे कबूल करतो.

त्यानंतरच्या वर्षी ऑरेलिया कान्तू वर्गात आली. तिचा बाक माझ्या अगदी खाली. बोलायला कमी, रंग भरायला चोख. वडील युसेबियो तेलविहिरींवर कामाला होते, चौदा दिवस तिकडे कॅम्पवर आणि चौदा दिवस घरी. ऑक्टोबरपासून ती एक कोकरू वाढवत होती, जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी. प्रदर्शनात कोकराला दोरी लावत नाहीत. हनुवटी हातात धरून, गुडघा छातीला टेकवून त्याला स्थिर उभं करावं लागतं. ऑरेलिया मधल्या सुट्टीत जोलीन नावाच्या मैत्रिणीची हनुवटी धरून सराव करायची आणि जोलीन बें बें ओरडायची. प्रदर्शन वडिलांच्या परतीच्या दिवशीच येत होतं. ते पहिल्यांदाच तिला तिथे उभी पाहणार होते.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी जगाचा मोठा नकाशा द्यायचा होता. त्याच्यावरच निकाल ठरणार होता. ऑरेलिया रिकाम्या हाताने आली.

“कुठंय गं नकाशा?” जोलीनने विचारलं.

“पपा घेऊन गेले. पहाटे निघताना सही केली आणि गाडीत टाकला.”

“घेऊन गेले? का?”

“त्यांना वाटलं, तपासून आलाय. बाकीच्या विषयांचे पेपर गुण पडल्यावरच सहीला जातात ना घरी! कॅम्पवर सगळ्यांना दाखवतो, असं आईला सांगून गेले.”

“अगं मग मिसला सांग की!”

ऑरेलियाने माझ्याकडे बोट केलं. “वाचता येतं ना तुला?”

बाई वही घेऊन आल्या. “ऑरेलिया, नकाशा?”

“नाही आणला, मिस.”

बाई क्षणभर थांबल्या. आता आठवलं की वाटतं, त्या वाट बघत होत्या. पण पोरगी त्यांच्याकडे न बघता माझी सातव्या नियमाची दुसरी ओळ बघत राहिली. माझ्या अंगावर पाचशे शब्द आहेत, मित्रांनो, आणि त्या वेळी मला एक शब्द बोलता आला नाही. बाईंनी शून्य लिहिलं. निकाल सदुसष्टवर आला, म्हणजे प्रदर्शन हुकलं.

वडिलांना तिने फोनवर काही कळवलं नाही, ते स्वतःला दोष देतील म्हणून. कोकरू दुसऱ्या कोणाला धरता येत नाही, असा तिथला नियम. युसेबियो सहा तास गाडी हाकून, नवी टोपी घालून, थेट प्रदर्शनाच्या मंडपात पोहोचले. त्यांची मुलगी बघ्यांच्या फळीवर बसलेली होती. हे सोमवारी जोलीनने वर्गात सांगितलं आणि सांगता सांगता तीच रडली.

त्याच दुपारी शाळा सुटल्यावर युसेबियो दारात उभे राहिले. हातात गुंडाळी होती. “मी ऑरेलियाचा बाप, बाई. हा तिचा नकाशा. चूक माझी आहे. गुण नका देऊ. पण ते शून्य माझ्या नावावर लिहा, तिच्या नको.”

झालं ते त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी नकाशा उलटा केला. मागे त्यांची सही होती आणि तिच्याखाली आणखी अकरा सह्या.

“हे कोण?”

“कॅम्पवरचे सोबती. मी म्हटलं, मोठ्या माणसानं नीट बघून सही करायची, असा बाईंचा नियम आहे. मग सगळ्यांनी बोट ठेवून ठेवून बघितला. एकानं होंडुरास शोधला, त्याचं घर आहे तिथं. म्हणाला, पोरीनं किनारा बरोब्बर काढलाय.”

बाई खाली बसल्या. “ती मला एका शब्दानं बोलली का नाही?”

युसेबियोंनी माझ्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द जोडत वाचलं. मग हळूच म्हणाले, “शहाणी पोर आहे, बाई. तुम्ही लिहिलंय तसं वागली.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर आम्हा दोघांना सोपं गेलं असतं.

ते गेल्यावर बाईंनी कापसावर स्पिरिट घेतलं आणि ती ओळ पुसू लागल्या. खूप वेळ पुसत होत्या. पहिली ओळ त्यांनी तशीच ठेवली, आणि ती राहायलाच हवी, नाहीतर मादागास्कर पुन्हा हरवेल. शून्यही त्यांनी खोडलं. दुसऱ्या दिवशी स्वतः ऑरेलियाची माफी मागितली. ती “ठीक आहे, मिस,” म्हणाली. कोकरू त्याआधीच बाजारात विकलं गेलं होतं.

मित्रांनो, मला फाडू नका, माझ्यावर रेघोट्या मारू नका, एवढं मागून मी पूर्वी थांबलो असतो. आता मागणं वेगळं आहे. नियम पाळा. आम्ही कागद आहोत, आम्हाला डोळे नाहीत, कान नाहीत. ते तुम्हाला दिलेत. नियम मोडणारा आरडाओरडा करत येतो, त्याचं तुम्ही ऐकताच. पण एखादं पोर मान खाली घालून गप्प उभं राहिलं, तर माझ्याकडे बोट दाखवण्याआधी त्याला एकदा विचारा, “काय झालं, बाळ?”