मारिसेलासाठी निवडलेला वर्ग

अमेरिकेतल्या युमाच्या शेतांत लेट्यूस कापून कापून ओफेलियाची कंबर गेली होती. पण त्याहून जास्त तिला थोरल्या एफ्राइनचं दुःख होतं. पोरगा पाचवीपर्यंत स्पॅनिश वर्गात शिकला. हुशार होता, मेक्सिकोतल्या आजोबांना स्वतः पत्रं लिहायचा. सहावीत सगळं इंग्रजीत आलं आणि तो मागे पडला तो पडलाच. शेवटी शाळा सोडून आईच्या शेजारच्या सरीत वाकून काम करू लागला.

म्हणून धाकट्या मारिसेलाला तिने पहिल्या दिवसापासून इंग्रजी वर्गात घातलं. त्याच सुमारास राज्यात मतदान होऊन शाळेत फक्त इंग्रजीतच शिकवायचं असा कायदाही झाला होता. शेजारणी चिडल्या, पण ओफेलिया म्हणाली, "बरं झालं. एक पोर बुडालं तेवढं पुरे."

हिवाळ्यात एका दुपारी शेतावर निरोप आला. ओफेलिया चिखलाच्या बुटांनीच इस्पितळात पोचली, तेव्हा मारिसेलाचं ऑपरेशन चालू होतं. अपेंडिक्स आत फुटलं होतं. बाहेर बाकावर वर्गाच्या किंताना बाई बसल्या होत्या.

"सकाळपासून पोट धरून बसली होती," बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "माझ्यापाशी येऊन सांगायला लागली. मी म्हटलं, इंग्रजीत सांग."

"तुम्हाला स्पॅनिश येतं की."

"माझ्या आईची भाषा आहे ती. पण वर्गात मागच्या बाजूला, कायदा पाळतो का ते तपासायला आलेले साहेब बसले होते."

"मग?"

"तिला शब्द सापडेना. जागेवर जाऊन बसली. पुन्हा आलीच नाही."

ओफेलियाने शिवी दिली नाही. बाईंना घरी जायला सांगितलं, एवढंच.

मारिसेला वाचली. घरी आणल्यावर जेवताना एफ्राइन हळूच म्हणाला, "आई, अजून अर्ज करून स्पॅनिश वर्ग मिळतो म्हणतात. घालायचं का तिला?"

"म्हणजे तुझ्यासारखी होऊ दे?"

शब्द निघून गेला. एफ्राइन अर्धी तोर्तिया ताटातच ठेवून उठला, ताट धुतलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे जावं असं ओफेलियाला फार वाटलं, पण पाय उचलेना.

मारिसेला त्याच वर्गात परत गेली. उन्हाळ्यापर्यंत ती इंग्रजी फाडफाड वाचू लागली. बाईंनी कौतुक केलं, शाळेने बक्षीस दिलं. घरात मात्र ती गप्प राहू लागली. एकदा दोन दिवस अंगात ताप होता, तरी कुणाला बोलली नाही. ओफेलियाचा हात सहज कपाळाला लागला तेव्हा कळलं.

"अगं, सांगायचं नाही का मला?"

मारिसेलाने भिंतीकडे तोंड केलं आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. ओफेलियाने दारातल्या एफ्राइनकडे पाहिलं.

"काय म्हणाली रे?"

"भरभर बोलली," तो म्हणाला. "मला नाही कळलं."