देवराईत गेलेला विळा

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. आयुष्यात एकदाच भ्यालो, पण असा भ्यालो की विचारू नका. पाथर्डीच्या लोहाराने मला मोटारीच्या मोडक्या पाट्यातून घडवले आणि राहीबाईने बाजारातून घरी आणले. वीस सुग्या मी तिची बाजरी कापली. राहीबाईच्या विळ्यासारखा विळा नाही, असे बाया म्हणत. मी फुगून जाई.

मग बहात्तर साल उजाडले. पाऊस पडला नाही, बाजरी उगवलीच नाही. मी कुडाला लटकून गंजू लागलो. दावणीची गाभण गाय, चांदी, चाऱ्यावाचून उठेनाशी झाली. तेव्हा भरदुपारी राहीबाईने मला कमरेला, पदराआड खोचले आणि देवराईची वाट धरली.

माझे पाते गार पडले. तिथल्या देवीच्या जुन्या वडाखाली लोखंड न्यायचे नाही, नेणाऱ्याचा हात झडतो, असे आमच्याकडे म्हणतात. जो तो आपले हत्यार शिवेच्या दगडापाशी ठेवूनच आत जातो. राहीबाई दगडापाशी थांबली, घुटमळली आणि मला तसेच घेऊन पुढे निघाली. वाट जेमतेम दोनशे पावलांची. पण पाचोळा वाजला की तिचे काळीज लटकन हले, अन् माझेही.

वडाखाली सूर्यभान गुरव बसला होता. देवराई राखणारा तोच. त्याला पदराआडचे लोखंड दिसले. राहीबाईने मला काढून त्याच्यापुढे ठेवले.

"गाय मरतीय माजी," ती म्हणाली. "हात झडला तर झडू द्या. चार डहाळ्या घेऊ द्या."

"तुला लेकरं हायेत," गुरव म्हणाला. "माज्या म्हाताऱ्याचा हात झडला तर कुनाचं काय अडतंय?"

त्याने देवीला हात जोडले आणि मला स्वतःच चालवले.

आठ दिवस राहीबाई रोज लांबूनच त्याचा हात बघून येई. नवव्या दिवशी चांदी व्याली. वासराचे पोट भरल्यावर उरलेला वाटीभर चीक घेऊन ती गुरवाकडे गेली. मी कमरेलाच होतो. वाटी घेताना गुरवाचा हात लटलटा कापू लागला. राहीबाईने तोंडावर पदर दाबला. झाले, देवी कोपली!

"भिऊ नगंस," गुरव म्हणाला. "देवीनं काय केलं न्हाई. तीन दिस पोटात अन्न न्हाई, म्हनून कापतोय."

बाजरीच नाही, तर गुरवाला बलुत्याचे धान्य कोण घालणार? सगळ्यांनी देवीचे भय धरले, आम्ही गायीची काळजी केली. मित्रांनो, झाडे जपा, जनावरे जपा. पण ती राखणारा माणूस जेवला का, हे आधी विचारा. आम्ही आठ दिवस त्याचा हात बघत होतो, तोंडाकडे कोणी पाहिलेच नाही.