देण्याघेण्याची साडी

जुनी म्हणावं तर मी जुनी आहे, मित्रांनो, आणि नवी म्हणावं तर आठ वर्षं मी नवीच होते. मी साडी. रंग डाळिंबी, काठाला नकली जर. सुरतेच्या एका कारखान्यात एका दुपारी माझ्यासारख्या चाळीस जणी यंत्रातून निघाल्या. कुणी आम्हाला नीट पाहिलंसुद्धा नाही. पुठ्ठ्यावर गुंडाळलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि गठ्ठा बांधून आजच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, गुलमंडीवरच्या एका दुकानात पाठवून दिलं.

दुकानात पहिल्याच दिवशी माझं नशीब मला कळलं. एक बाई गादीवर टेकली आणि म्हणाली, "भाऊ, नेसायची नको. देण्याघेण्याची दाखवा."

तुम्ही लहान आहात, म्हणून सांगते. साड्यांत दोन जाती. एक नेसायची आणि एक देण्याघेण्याची. लग्न असलं, बारसं असलं, की बायकांना कुंकू लावून आहेराची साडी द्यायची. घेणारी ती घेते, अंगठ्यानं काठ चोळून बघते, "छान हाय की" म्हणते आणि घरी नेऊन पेटीत टाकते. पुढच्या लग्नात तीच साडी दुसरीला. कुणाकडून आली ते विसरू नये म्हणून नावाची चिठ्ठी टाचणीनं लावून ठेवतात. नाहीतर जिची साडी तिलाच परत जायची, आणि मग जी शोभा होते ती विचारू नका. माझ्या कोपऱ्याला अशी टाचणीची अकरा भोकं पडली. अकरा घरं फिरले, पण एकदाही पंगतीला बसले नाही.

साडीची घडी कुणीतरी मोडावी आणि तिला अंगाला लावावं, त्यासाठीच तर आमचा जन्म. माझी घडी कुणी मोडली नाही. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू.

अकराव्या खेपेला मी गारखेड्यात आशाच्या घरी आले. दोन खोल्यांच्या नव्या घराची वास्तुशांती होती. आशाचा नवरा रामकिसन वाळूजच्या कंपनीत कामाला. घर बांधायला त्यांनी एका पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. दिवाणाखाली निळी पत्र्याची पेटी होती, तिच्यात मला टाकलं. आत डांबरगोळ्यांचा वास, माझ्याआधीच्या वीसेक साड्या आणि टॉवेल-टोप्यांचा ढीग. टोप्यांची गत आमच्याहून वाईट. रामकिसनच्या डोक्यावर मी तीन वर्षांत एकदाही टोपी पाहिली नाही.

पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं, त्यामुळे घरातलं सगळं मला दिसायचं आणि ऐकू यायचं. नवरा-बायको दोघंही साधी. त्याला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, तिला सोन्याची हौस नाही. तरी पगार वीस तारखेला संपायचा आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची.

"जातो कुठं पैसा?" रामकिसन विचारायचा.

मला ठाऊक होतं, पण साडीला कोण विचारतं?

पैसा आमच्यात जात होता. सासरच्या सगळ्या भावकीत कंपनीवाल्याची बायको अशी आशा एकटीच. वर्षाला वीस-बावीस लग्नं यायची. माझ्यासारखी दीडशेची साडी द्यायची तिला लाज वाटायची. आपण शहरातले, आपण हलकं कसं द्यावं, म्हणून ती गुलमंडीवरून उधारीवर सातशे-आठशेची नवी आणायची. वर पाकीट, वर जीपचं भाडं. गावाकडून कुणी घाटी दवाखान्यात डोळे दाखवायला आलं, तरी आल्या दिवशी मटण आणि जाताना खण-साडी. आल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवू नये हे खरंच. पण ती एकेक करून आपल्या घराच्या विटा लोकांच्या पिशवीत घालत होती, आणि तिला ते कळत नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी पतसंस्थेची नोटीस आली. नऊ हप्ते थकले होते. तीन महिन्यांत भरले नाहीत तर घराचा लिलाव. आणि त्याच आठवड्यात शेंद्र्याहून रामकिसनचे थोरले भाऊ कडूबा यांचा निरोप आला, की मुलीचं लग्न वैशाखात धरलंय. चुलत्यानं पुतणीला लोखंडी कपाट आणि संसाराची भांडी द्यायची, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

"कपाट तर द्यावंच लागंल," रामकिसन म्हणाला. "कंपनीच्या सोसायटीतून पन्नास हजार उचलतो."

"आधीचं फिटंना, आन् अजून?"

"मग काय सांगू दादाला? माझ्याकडं नाय म्हणू? बापाच्या माघारी त्यानं शिकवलं मला."

आशा पदर तोंडाला लावून बसून राहिली. मला तिची कीव आली. तोवर मला तिचा रागच होता.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या गल्लीतल्या जमिलाआपाकडे गेली. जमिलाआपा साड्यांना फॉल लावायचं काम करायच्या. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून शिवतात ती पट्टी. ती फक्त नेसायच्या साडीला लागते. आमच्या जातीला फॉल कोण लावतो? आशाला एवढंच विचारायचं होतं, की पेटीतल्या साड्या कुणी विकत घेईल का. जमिलाआपा दातात धरलेल्या दोऱ्यासकट उठून आल्या, पेटी बाहेर ओढली आणि आम्हाला एकेक करून दिवाणावर टाकलं.

"सदतीस," त्या म्हणाल्या. "ह्यातल्या तू नेसल्या किती?"

आशा साड्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ करायला लागली.

"एक तरी?"

"नेसायच्या न्हाईत त्या, आपा. द्यायच्या हायत."

"तुला ज्यांनी दिल्या, त्यापण हेच बोलल्या असतील." जमिलाआपांनी दातातला दोरा काढला. "देख बेटा, माणूस खाऊन-पिऊन, फिरून बुडाला तर मी समजू शकते. तू तर न नेसलेल्या साड्यांपायी बुडायला लागली."

संध्याकाळी रामकिसन कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला, तेव्हा जमिलाआपा उंबऱ्याशीच बसून होत्या. त्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

"साड्या विकायचं सोडून द्या, ह्यांचे चार पैसे यायचे नाहीत. ह्या साली देणं बंद. कुणाचं घेऊ नका, कुणाला देऊ नका. आणि दारातली ती मोटारसायकल विकून टाका. कंपनीची बस येते नं कोपऱ्यावर?"

"आपा, भावकी तोंडात शेण घालंल माझ्या."

"घालू दे. आमच्या ह्यांनी बहिणीच्या शादीत असाच मोठेपणा केला होता. माझं शिलाई मशीन गहाण पडलं, सोडवायला चार वर्षं गेली. ही अक्कल मला फुकट आलेली नाही."

रामकिसननं वाकून बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "सांगायचं तर पहिलं कुणाला सांगायचं?"

"ज्याला सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते, त्याला."

"दादाला?"

"तुम्ही नाही सांगितलं, आणि दारावर लिलावाचा कागद चिकटलेला त्यानं वाचला, तर?"



रविवारी दोघं शेंद्र्याला निघाली. आशानं पिशवीत आम्हा पाच जणींना घेतलं. लग्नघरी मोकळ्या हातानं कसं जायचं, ही खोड काही एका दिवसात सुटत नाही.

कडूबा ओसरीवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, सरूबाईनं, चहा ठेवला. रामकिसन पावसापाण्याचं बोलला, कंपनीचं बोलला, बैलाचं बोलला. चहा संपला तरी मूळ गोष्ट काही त्याच्या तोंडातून निघेना. मी पिशवीत जीव मुठीत धरून होते. हा आता कपाटाला होकार देऊन उठणार, असं मला वाटायला लागलं.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "कपाट काय व्हायचं नाय माझ्याच्यानं."

"बरं. भांडी दे मग."

"भांडीबी नाय. दादा, नऊ हप्ते थकलेत. घर लिलावात निघायला लागलंय माझं."

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. कडूबा तंबाखू मळत होते, त्यांचा हात थांबला. सरूबाई उठली आणि आत निघून गेली. आशाला वाटलं, जाऊबाई रागावल्या. मलाही तेच वाटलं. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला. सरूबाई दोन्ही हातांत मावत नव्हत्या एवढ्या साड्या घेऊन बाहेर आली आणि तिनं त्या आशाच्या पुढ्यात ठेवल्या.

मोरपंखी, जांभळी, आंबा कलर. सगळ्या भारीतल्या. सगळ्या आशानं दिलेल्या, तिच्या नावाच्या चिठ्ठ्यांसकट. एकीचीही घडी मोडलेली नव्हती.

"चौदा हायत," सरूबाई म्हणाली. "असल्या साड्या नेसून खुरपायला जाऊ का मी? आन् तू एवढं भारी देती, तर तुला हलकं कसं द्यावं, म्हणून दर साली जवारी विकून म्याबी तुझ्यासाठी भारीच घेत आले."

आशानं कपाळाला हात लावला. घरच्या पेटीत तळाशी सरूबाईनं दिलेल्या बारा साड्या होत्या. मी तीन वर्षं त्यांच्याच अंगावर पडून होते. त्याही तशाच घडीतल्या.

"मला वाटायचं, तुम्ही नावं ठेवाल," आशा म्हणाली.

"आन् मला वाटायचं, तू ठेवशील."

मग सरूबाईला हसू फुटलं आणि आशाला रडू. कडूबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

"येड्या," ते रामकिसनला म्हणाले, "कपाटं वाटण्यासाठी शिकवलं व्हय मी तुला? गाडी वीक, मिळंल तिथून हप्ते भर. आन् लग्नाच्या आठ दिस आधी इकडं ये. मांडवाची लाईट, पाण्याची मोटार, आचाऱ्याचं समदं तुझ्याकडं. भाऊ मांडवात असला की झालं माझं."

मोटारसायकल विकली, त्यात पाच हप्ते निघाले. उरलेल्या चार हप्त्यांसाठी रामकिसन पतसंस्थेच्या साहेबांपुढे जाऊन बसला आणि त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. घर वाचलं, पण कर्ज होतंच.

लग्नात नवी साडी कुणी घ्यायची नाही, घरच्या बायकांनी पेटीतल्याच नेसायच्या, असं सरूबाईनं ठरवून टाकलं. एकोणीस साड्या फॉल लावायला जमिलाआपांकडे गेल्या. फॉलचे पैसे मात्र त्यांनी घेतले. "सल्ला फुकट, दोरा नाही," म्हणाल्या.

त्या एकोणिसांत मी होते. आशानं स्वतःसाठी मला निवडलं. लग्नाच्या दिवशी सकाळी तिनं पुठ्ठा काढून फेकला आणि मला झटकलं. आठ वर्षांची घडी, अंग आखडून गेलं होतं माझं. मग ती मला नेसली. मी मांडवात फिरले, पंगतीत बसले, कुणाच्या तरी वाटीतलं वरण माझ्यावर सांडलं. काय सांगू तुम्हाला, असं सुख नाही.

नात्यातल्या आवडाबाई मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कंपनीवाल्याची बायको, आन् दीडशेची साडी." आशाचं तोंड एवढंसं झालं. तिचा हात माझ्या पदराकडे गेला, मला वाटलं आता ही झाकते मला. पण तिनं पदर खोचला आणि वाढायला उठली. लिलाव काही आवडाबाई थांबवणार नव्हत्या.

पुढची तीन वर्षं सोपी नव्हती. दर लग्नात कुणीतरी नाक मुरडायचं. आशा आणि रामकिसन आदल्या दिवशी जाऊन लग्नघरात राबायची, अक्षता टाकायची आणि यायची. पूर्वी आहेरात जायचा तो पैसा पगाराच्या दिवशीच पतसंस्थेत जायला लागला. पाहुणे आले तर पिठलं-भाकरी, पण पोटभर. गंमत अशी, की पाहुणे काही कमी झाले नाहीत. उलट निवांत दोन दिवस जास्त राहायला लागले, कारण परत काय द्यायचं, हे ओझं त्यांच्याही डोक्यावरून उतरलं होतं.

मी तोवर आशाची रोजची साडी झाले होते. भांडी घासताना, दळण आणताना, नळावर भांडताना मीच. माझा डाळिंबी रंग उडाला, जर काळी पडली. एका दुपारी रामकिसन पतसंस्थेतून आला आणि त्यानं आशापुढे एक कागद धरला. बेबाकीचा दाखला म्हणतात त्याला. कर्ज फिटलं, आता काही बाकी नाही, असं त्यावर शिक्क्यासकट लिहिलेलं असतं. आशाचे हात ओले होते. ते माझ्या निऱ्यांना पुसायला ती खाली वाकली, आणि मी गुडघ्यापाशी टर्रकन फाटले.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं बाई, वसूल झालीस."

मित्रांनो, माझी आतापर्यंत पुष्कळ तारीफ झाली होती. अकरा घरांत "छान हाय की" ऐकलं होतं. पण असं कुणी म्हटलं नव्हतं. आमच्यातल्या बहुतेकींना फाटायला मिळतच नाही. त्या पेटीत पडून पडून घडीवरच विरतात, आणि त्यांच्यापायी कुणाचं तरी घर हप्त्यांत अडकलेलं असतं.

म्हणून एक मागणं आहे. आज घरातली पेटी उघडायला सांगा आणि आईला विचारा, यातल्या तू किती नेसल्यास? ती गप्प बसली तर तिच्यावर रागावू नका, तिला कुणाची तरी भीती असते. फक्त एक साडी बाहेर काढा आणि तिच्या हातात द्या. तिनं घडी मोडली, की पुढचं आम्ही बघून घेऊ.