एक, दोन, दोन्ही

तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र अरे-तुरेच. मोठा दीर आहे माझा, पण आमच्या ह्यांचा हात गेल्यापासून त्याच्यासाठी माझ्याकडे मानाचा एक शब्द उरलेला नाही, मग सांगताना तरी कशाला खोटं बोलू? धक्क्यावर त्याला सगळे 'साहेब' म्हणतात. होडीत पाय पसरून बसतो आणि दुसऱ्याला कामं सांगतो, म्हणून पडलेलं नाव. त्याला वाटतं, मान देतात.

होडी दोघा भावांची. लहानशी, मागे एकच इंजिन, बटणावर चालू होणारं. पूर्वी बॅटरीही एकच होती. इंजिन तिच्यावर, मासे दाखवणारं यंत्र तिच्यावर, आमिषाच्या टाकीचा पंप, दिवा, रेडिओ, सगळं तिच्याच जिवावर. एकदा ती भर समुद्रात बसली आणि दुसऱ्याच्या होडीनं दोघा भावांना ओढत आणलं, तेव्हा ह्यांनी दुसरी बॅटरी घेतली. मागच्या फळीखाली एक लाल, फिरवायचा स्विच बसवला. त्यावर चार खुणा: बंद, एक, दोन, दोन्ही.

मला त्यांनी स्वयंपाकघरात ओट्यावर दोन डबे मांडून समजावलं होतं. "एक नंबर फक्त इंजिन चालू करायला. तिला दुसरं कुणी हात लावायचा नाही. पंप, दिवे, रेडिओ दोन नंबरवर. इंजिन चालू झालं की स्विच दोन्हीवर, म्हणजे दोघी भरतात. आणि इंजिन बंद केलं रे केलं, की लगेच दोनवर आणायचा. तो दोन्हीवर राहिला तर पंप आणि रेडिओ मिळून दोघींनाही पिऊन टाकतील. मग बसा बोंबलत." आणि नियम असा घालून दिला की इंजिन जो बंद करेल, स्विच त्यानंच फिरवायचा. म्हणजे नंतर तू की मी, हा वाद नको.

साहेब तेव्हा दारात उभा राहून हसला होता. "एक बायको सांभाळता येईना आणि ह्याला दोन बॅटऱ्या हव्यात."

मग तो दिवस आला. नांगर टाकून दोघं जाळं ओढत होते, तोवर वारा फिरला, नांगर सुटला आणि होडी खडकांकडे सरकायला लागली. बटण दाबलं तर नुसतं टक-टक. दोन्ही बॅटऱ्या ठार बसलेल्या. मग इंजिनाचं झाकण काढून, वरच्या चाकाला दोरी गुंडाळून ह्यांनी ती ओढली. इंजिनानं उलटा झटका दिला, दोरी हातालाच वेटोळलेली होती. होडी वाचली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात हे तापात होते. त्यांना नंतर त्या सकाळचं काही म्हणजे काही आठवेना, मागे इंजिनापाशी कोण बसलं होतं तेसुद्धा. साहेबाला मात्र सगळं आठवत होतं. "धाकटाच होता मागे," तो आईंना म्हणाला. "इंजिन त्यानंच बंद केलं आणि स्विच दोन्हीवर विसरला. स्वतःच बसवलेला स्विच!" सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून हे जेवायला बसले, डाव्या हातानं घास चुकला, की त्या म्हणायच्या, "आपल्याच हातानं आपला हात घालवलास रे." त्या मायेनंच म्हणायच्या, पण ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण मी ह्यांना ओळखते. हा माणूस दुसऱ्याच्या खोलीतला पंखा बंद करायला उठतो. अंथरुणातून दोनदा उठून गॅसचं बटण बघून येतो. तो स्विच विसरेल? पण ह्यांनी मान खाली घातली आणि ते मान्यच करून टाकलं. समुद्रावर जाणं बंद. धक्क्याचं फाटकसुद्धा ओलांडेनात.

होडीला दुसरा माणूस हवा, म्हणून मी जायला लागले. पहिल्याच दिवशी काय बघितलं? साहेबानं मागे बसून इंजिन बंद केलं, उठला, पुढे जाऊन नांगर सोडला, आणि जाळ्याच्या ढिगावर आडवा झाला. पंप चालू, यंत्र चालू, रेडिओ चालू, छोटा पंखा तोंडावर, आणि फोन चार्जिंगला. मी फळीखाली वाकून पाहिलं. स्विच दोन्हीवर.

त्या क्षणी मला सगळं कळलं.

पण कळलं म्हणून करणार काय? माझ्या शब्दाला विचारतो कोण? म्हणून मी गळ लावायच्या निमित्तानं मागे जायचे आणि पायाच्या अंगठ्यानं स्विच दोनवर न्यायचे. निघायची वेळ झाली की एकवर. इंजिन लागलं की दोन्हीवर. साहेबाला पत्ता नाही. इंजिन दर खेपेला पहिल्या बटणाला लागायचं आणि तो इंजिनाला थोपटून म्हणायचा, "माझ्या हातात असलं की कसं गपगुमान चालतं बघ." अस्सं! मी पाण्याकडे तोंड करून दात खायचे.

परवा जाळीवाला घरी आला. जाळी विकतो आणि स्वतःची होडीही चालवतो, साधा माणूस. ह्यांना म्हणाला, "माझ्या होडीला दोन बॅटऱ्या बसवून द्या. तुमच्यासारखं काम कुणाला येत नाही." हे खाली बघून म्हणाले, "मी स्विच विसरणारा माणूस. माझ्याकडून नका करून घेऊ." आणि साहेब, चहाचा कप हातात घेऊन, खो-खो हसला. "अरे, ह्याला चार खुणा दिल्यास तर हा पाचव्यावर ठेवेल!"

हे पण हसले. बारीकसं. ते हसणं मला बघवलं नाही. तिथेच ठरवलं, आता बास.

मी दिवस निवडला तो शांत, वारा मंद असलेला. सकाळी सगळ्यांच्या आधी धक्क्यावर जाऊन, बॅटरीवाल्याकडून मागून आणलेली तिसरी, पूर्ण भरलेली बॅटरी हातगाडीवरून होडीपर्यंत नेली. तारांसकट पुढच्या कप्प्यात ठेवली, वर जाळं पसरलं. कुणाचा जीव घ्यायचा नव्हता मला. माझाही नाही.

जाताना साहेबानं नेहमीसारखी होडी रेंगाळत नेली. तेल वाचतं म्हणे. इतकं हळू चालवलं की इंजिन बॅटरीच्या पदरात जवळजवळ काही टाकत नाही, हे ह्यांनी त्याला कितीदा सांगितलेलं. उथळ पाण्यात थांबलो. त्यानं इंजिन बंद केलं, पुढे जाऊन नांगर सोडला, आणि मग पंप, यंत्र, रेडिओ, पंखा, फोन. पसरला.

मी मागे गेले. लाल स्विच माझ्या पायाशी होता. अंगठा सवयीनं पुढे गेला, तो मी मागे घेतला. एवढंच. त्या दिवशी मी काहीही केलं नाही.

दुपार कलली तसा रेडिओ घोगरा झाला, मग गप्प. पंप थांबला. गाणी वाजवून वाजवून फोननंही मान टाकली. साहेब जांभई देत मागे आला. "चल, निघू या."

टक. टक-टक.

त्यानं पुन्हा दाबलं. टक. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालं हे?"

"मला काय कळतंय," मी म्हटलं. "मी बाई माणूस." 'तू बाई माणूस, तुला काय कळतंय,' हे त्याचंच रोजचं वाक्य.

त्यानं दहा वेळा बटण दाबलं असेल. मग खडकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाऱ्याची एक झुळूक आली आणि होडी नांगराभोवती फिरली. "नांगर धरेल ना गं?"

"त्या दिवशी कुठे धरला होता?"

त्यानं घाईघाईनं इंजिनाचं झाकण काढलं, दोरी काढली, चाकाला गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक हाताला वेटोळे घालून घट्ट धरलं. अगदी तसंच. दवाखान्यातला तो हात, ते पांढरं बँडेज माझ्या डोळ्यांसमोर आलं. मनात आलं, होऊन जाऊ दे. खरंच आलं. मला त्याची लाज वाटत नाही.

"थांबा!" मी ओरडले.

तो दचकून वळला.

"हाताची दोरी सोडा आधी. बोटं गेली तर अख्खी वस्ती तुमच्या उशाशी येऊन बसेल. आई तुम्हाला घास भरवतील. तेवढं सुख मी तुम्हाला द्यायची नाही. मला तुमची बोटं नकोत, भाऊजी. मला तुमचं तोंड हवंय."

"काय बडबडतेस?"

"खाली वाका. स्विच कशावर आहे बघा."

तो वाकला. वर आला तेव्हा चेहरा लाल. "तू केलंस! मुद्दाम केलंस!"

"मी हातसुद्धा लावला नाही. रोज लावत होते. तुमचं इंजिन रोज माझ्या पायाच्या अंगठ्यावर लागत होतं, तुमच्या हातगुणानं नाही. आज फक्त लावला नाही. आता सांगा, सकाळी मागे कोण बसलं होतं? इंजिन कोणी बंद केलं?"

त्यानं हाताची दोरी सोडवली.

"आणि त्या दिवशी?"

"घरी चल, मग बघतो तुला."

"आधी घरी पोचा तर खरं." मी माझा फोन काढला. तो काठोकाठ चार्ज करून आणला होता. "ह्यावरून धक्क्यावर कळवता येईल. पण पहिला फोन घरी जाणार. आई आणि हे, दोघांच्या कानावर जाईल असा. जे झालं ते, जसं झालं तसं सांगायचं. नाहीतर मी हा फोन पाण्यात टाकते आणि आपण दोघं बसू इथेच. मला घाई नाही."

होडी पुन्हा फिरली. नांगराची दोरी करकरली. मला ठाऊक होतं की ती धरणार आहे, कारण ती मी स्वतः तपासली होती. त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं फोनकडे बघितलं, आणि त्याचा साहेबीपणा माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

ह्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. मी आवाज मोठा केला आणि फोन साहेबाच्या तोंडापुढे धरला.

"मी... दादा बोलतोय," तो म्हणाला. "ऐक. आई आहे ना तिथे? त्या दिवशी मागे मी होतो. इंजिन मी बंद केलं. स्विच दोन्हीवर माझ्याकडून राहिला. तू पुढे जाळं ओढत होतास." त्याला धाप लागली. मी फोन हलवला नाही. माझी नजर बघून तो पुढे बोलला, "आणि दोरी... दोरी मी ओढायला हवी होती. मला भीती वाटली. मी तुला ओढ म्हटलं."

हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं. माझ्या हातातला फोन ओला झाला होता, घामानं की डोळ्यांतल्या पाण्यानं, देव जाणे.

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "काय म्हणतोय थोरला? काय म्हणतोय तो?" मग हे बोलले, अगदी हळू, आम्हा दोघांशी नाहीच, स्वतःशीच.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही हो," मी म्हटलं. "तुम्ही काही विसरला नव्हता."

आणि मग त्यांचा तो जुना आवाज, जो मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "होडी कुठे आहे? दोरी किती सोडलीय? वारा कुठून?" मी सांगत गेले. "बरं. कशालाही हात लावू नका. जाळीवाल्याची होडी घेतो, एक भरलेली बॅटरी टाकतो. मी येतोय."

"तुम्ही?" मी म्हटलं. "स्वतः?"

"मग काय शेजाऱ्याला पाठवू?" आणि फोन ठेवला.

साहेब उठून पुढे गेला होता, नांगराची दोरी बघायला. वाकून जाळं बाजूला केलं आणि तसाच थबकला. कप्प्यातली बॅटरी आणि तिच्यावर गुंडाळलेल्या तारा त्याला दिसल्या.

"अगं, ही... ही भरलेली आहे?"

"आहे."

"मग लाव की! आत्ता लागेल इंजिन! फोन कर त्याला, म्हणावं येऊ नकोस, आम्हीच येतो!" तो रडकुंडीला आला होता. "त्याला मी असा... असा बसलेला दिसायला नको गं. हात जोडतो तुला."

हात खरंच जोडले त्यानं. दहाच्या दहा बोटं.

"जाळं परत झाका," मी म्हटलं. "आणि खाली बसा. तुमचा भाऊ त्या दिवसानंतर पहिल्यांदा फाटक ओलांडून येतोय. तो पोचेपर्यंत धक्क्याकडे तोंड करून बसायचं."

तो बसला. ऊन तिरपं झालं होतं. धक्क्याच्या टोकाकडून एक होडी निघाली, ती रेंगाळत नाही, सरळ आमच्याकडे येऊ लागली. जवळ आली तसा जाळीवाला पुढे बसलेला दिसला, आणि मागे उभा राहून डाव्या हातानं इंजिनाचा दांडा धरलेला माणूस. साहेबानं मान वळवली.

"तिकडेच बघा," मी म्हटलं.