भय्याजीचा खुलासा

बोरटेकडीच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या सुलोचनाबाईंना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका. दुसरी, चूक करून वर कारणं सांगणारा माणूस. एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात गावच्या पोस्टमास्तरात त्यांना दोन्ही एकाच जागी सापडल्या.

सुनेच्या बाळंतपणासाठी बाई दिवाळीनंतर आसामात मुलाकडे गेल्या होत्या. चार महिन्यांचे सात महिने झाले. त्या मुदतीत गावाकडून एक ओळ आली नाही. बाईंनी तिकडून शेजारणीला लिहिलं त्याचंही उत्तर नाही. तीन गाड्या बदलून, अंगावर कोळशाची धूळ आणि पायांना सूज घेऊन त्या घरी पोचल्या. कुलूप काढलं, हातपाय धुतले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन तडक पोस्टात गेल्या.

पोस्ट म्हणजे भय्याजीच्या घराची पडवी. एका बाजूला त्याची पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला टेबल, शिक्का आणि लाल पेटी. भय्याजी बाईंचाच विद्यार्थी. आता चाळिशीला आला होता, केसांवर पीठ असल्यामुळे साठीचा दिसत होता.

"बाई! केव्हा आल्या? नातू झाला नं? बरं झालं बाप्पा."

"नातू झाला ते तुले कोणं सांगितलं?"

भय्याजी जरा गडबडला. "गावात बोलून राहिले होते लोकं."

"माझं टपाल काढ."

त्याने तराजूखालून सुतळीने बांधलेला गठ्ठा ओढला, फुंकर मारून वरचं पीठ उडवलं आणि मोठ्या अभिमानाने टेबलावर ठेवला. "पाहून घ्या. एक बी कागद हरवू नाही देल्ला."

"जाताना मी अर्ज दिला होता नं? आलेलं टपाल आसामच्या पत्त्यावर पाठव म्हणून?"

"हाव, देल्ला होता नं. तो काय, टांगून ठेवला." भय्याजीने भिंतीवरच्या तारेकडे बोट दाखवलं. बाईंचा अर्ज तिथे दहाबारा कागदांमध्ये सुखरूप लटकत होता.

"मग पाठवलं काहून नाही?"

"आसाम लय दूर हाये, बाई. रस्त्यात कुठं गहाळ झालं असतं तं? मनलं, आपल्याजवळ जपून राहीन."

बाईंनी सुतळी सोडली. त्यांच्या मासिकाचे सात अंक वाचून वाचून मऊ झाले होते. पाककृतींची पानं कात्रीने कापलेली. शब्दकोडं मात्र सोडवलेलं होतं, आणि उभ्या चार चौकोनांत ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं 'आशिर्वाद'. बाईंनी डोळे मिटून घेतले. निदान दुसऱ्याच्या मासिकात तरी शुद्ध लिहावं!

गठ्ठ्याच्या तळाशी एक निळं आंतरदेशीय होतं. तिन्ही बाजूंनी फाडलेलं.

"हे कोणं फोडलं?"

"मीच फोडलं, बाई. मनलं, अर्जंट असलं तं पाठवून देऊ. बिचाऱ्या शकुंतलाबाईचा मालक गेला हो. लय वाईट झालं. आमच्या मंडळीले वाचून दाखवलं तं तिच्याही डोळ्यात पानी आलं."

शकुंतलाबाई म्हणजे तिरोड्याची, ट्रेनिंगच्या दिवसांपासूनची बाईंची एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण. तिच्या कुंकवाची बातमी बाईंना अशी चक्कीच्या घरघरीत, भय्याजीच्या तोंडून कळली. त्या बाकावर बसल्या. पत्र नऊ डिसेंबरचं होतं. 'इथं सगळ्यांसमोर रडता येत नाही. तू चार दिवस ये. उशीर करू नको.' आज मे महिन्याची अठ्ठावीस तारीख होती.

"भय्याजी," बाई अगदी हळू म्हणाल्या, "हे अर्जंट नाही वाटलं तुले?"

भय्याजीने प्रामाणिकपणे विचार केला. "मानूस तं जाऊनच बसला होता नं, बाई. आता त्यात अर्जंट काय रायलं?"

वर्गात छडी न वापरता पोरांना रडवणाऱ्या सुलोचनाबाई पत्राची घडी घालून उठल्या. "तू चौथीत तीनदा बसला होता. शेवटी मीच तुले ढकलला पुढे. चूक माझीच आहे."

"असं कसं, बाई! तुमचे लय उपकार हायेत," भय्याजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने बाई तिरोड्याला गेल्या. शकुंतलाबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि पाहुण्याशी बोलावं तसं बोलल्या, "प्रवास बरा झाला ना?" बाईंनी पत्राचं सांगितलं, तर त्या कोरडेपणाने म्हणाल्या, "हो, न येणारे सगळे पोस्टाचंच नाव सांगतात." नवऱ्याच्या तेराव्यापासून त्या रोज दाराकडे कान लावून बसल्या होत्या आणि माघ संपल्यावर त्यांनी ते सोडून दिलं होतं. शेवटी बाईंनी पिशवीतून ते पत्र काढून त्यांच्या हातात ठेवलं. तिन्ही बाजूंनी फाडलेलं, घड्यांमध्ये पीठ साचलेलं, त्यावर हळदीचं बोट. शकुंतलाबाईंनी ते उलटंसुलटं पाहिलं. "सुलू, हे कोण वाचत होतं गं?" म्हणाल्या, आणि मग दोघींना पाच महिन्यांचं सगळं रडणं एकदम आलं. बाई आठ दिवस राहिल्या.

परत आल्यावर त्यांनी फुलस्केपची चार पानं भरून तक्रार लिहिली. गावच्या लाल पेटीत टाकली तर ती पुन्हा भय्याजीच्याच हाती पडणार, म्हणून बसने पवनीला जाऊन टाकली. आता याची पडवी साफ होते, असं त्यांना वाटलं. वरच्या साहेबांविषयी त्यांच्या मनात तोवर थोडा आदर होता.

भर पावसाळ्यात धानाची रोवणी जोरात असताना एका दुपारी भय्याजी दारात उभा राहिला. हातात कागद, तोंड उतरलेलं.

"बाई, कोणंतरी माह्यावर कंप्लेंट केली. पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागून राहिले. मले तं असं लिहिता येत नाही. तुमी सांगा, मी लिहितो."

बाईंनी कागद पाहिला. तक्रारदाराचं नाव त्यावर ठळक लिहिलेलं होतं, श्रीमती सुलोचनाबाई. भय्याजीने तेवढं वाचायचे कष्ट घेतले नव्हते. दुसऱ्यांची पत्रं मुळापासून वाचणाऱ्याने स्वतःला आलेला कागद मात्र अर्ध्यातच सोडला होता.

"बस," बाई म्हणाल्या. "शुद्धलेखन घालते. लिही."

भय्याजी ओट्यावर मांडी घालून बसला, चौथीत बसायचा तसाच. बाई फेऱ्या मारत, एकेक शब्द सुटा करत सांगू लागल्या. "सदर टपाल मी स्वेच्छेने अडवून ठेवले. इतरांच्या पत्रांचे अनधिकृत वाचन हे माझे जुने व्यसन असून त्याचा लाभ मी माझ्या कुटुंबासही देतो. टपाल पुढे पाठविण्याचा पत्ता माझ्या डोक्यावर लटकत होता, तथापि आलस्यामुळे मी मान वर केली नाही. या पदास आवश्यक अशा बुद्धीचा माझ्या ठायी संपूर्ण अभाव आहे. भविष्यात ती उत्पन्न होईल असे कोणतेही लक्षण नाही."

"'अनधिकृत'मधला धि पहिला का दुसरा?" भय्याजीने मधेच विचारलं.

"पहिला."

लिहून झाल्यावर त्याने पूर्ण कागद डोळ्यांपुढे धरला. "वा! काय भारी मराठी हाये, बाई. साहेब खुशच होऊन जाईन." सही करून, घडी घालून तो गेला.

त्यानंतर बाईंना चार रात्री नीट झोप लागली नाही. भय्याजीला दोन मुली होत्या. चक्कीवर घर चालेलही, पण गावात तोंड दाखवायचं कसं? आपण जरा जास्तच केलं का? पाचव्या दिवशी त्यांनी निळं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि मग झोप लागली.

पोळा झाल्यावर उत्तर आलं. बाईंच्या नावाचं ते पाकीट भय्याजी स्वतः धावत घेऊन आला, सोबत पेढ्यांचा पुडा. आत दोन ओळी होत्या. 'संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा प्राप्त झाला. तो समाधानकारक आढळल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. खाली तीन सह्या होत्या. तीन माणसांच्या हातून तो खुलासा गेला होता, आणि तिघांनीही भय्याजीपेक्षा कमी वाचला होता. भय्याजीने निदान एकेक अक्षर लिहिलं तरी होतं!

"म्हणजे तक्रार मी केली होती हे आता तरी कळलं का तुले?"

"हाव, पाकिटावरून समजलं, बाई," भय्याजी हसत म्हणाला. "पन तुमीच केली आन् तुमीच वाचवलं. गुरू असावा तं असा. घ्या, पेढा घ्या."

"ठेव तिथं," बाई म्हणाल्या. पाकिटाची वरची कड आधीच फाटलेली त्यांना दिसली होती.

तक्रारीचा काहीच उपयोग झाला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. तिरोड्याहून महिन्याला एक पत्र येऊ लागलं, आणि भय्याजी आता रस्त्यावरूनच हाक देतो, "बाई, शकुंतलाबाईचं लेटर आलं! फोडून आनू का तसंच?"