ओझं उतरवणारा शब्द

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश. माझा कणा मोडला आहे, 'डी' अक्षराची पानं सुटली आहेत. हे वयामुळे झालं नाही. मला भिंतीवर फेकून मारलं गेलं.

मी लंडनमध्ये छापला गेलो. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या विल्मट हॉस्किन नावाच्या खलाशाने मला विकत घेतलं. त्याची शाळा लहानपणीच सुटली होती. पण रोज एक नवा शब्द शिकायचा आणि तो कुठेतरी वापरल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. तेव्हा माझा केवढा मान! ओल्या हाताने मला कुणी शिवत नसे.

पुढे विल्मटने अंथरूण धरलं. धाकटी मुलगी तमसिन अकरा वर्षं त्याचं करत राहिली, आणि वरच्या खोलीत खिळून पडलेल्या केरेन आत्याचंही. मग विल्मट गेला. दफन उरकताच थोरला डेन्झिल आणि त्याची बायको मेबल मृत्युपत्र उघडून बसले. त्यात एक ओळ होती: 'तमसिनला या घरातून डिसबर्डन करावे.'

"म्हणजे हिला बाहेर काढा," मेबल म्हणाली.

"घरच्या कामातून सुटका, असं म्हणायचं होतं बाबांना!" तमसिन ओरडली.

"मग तसं लिहिलं असतं. आणा हो तो कोश."

डेन्झिलने मला टेबलावर आपटलं. माझ्यात छापलं होतं तेच त्याने वाचलं: भार उतरवणे. जहाजातला माल उतरवतात तेव्हा हा शब्द. मनात साठलेलं कुणापाशी बोलून टाकतात तेव्हाही हाच. आणि माणसाला ज्यातून मोकळं करतात, ते त्याचं ओझं.

"बघ! घर हे तुझं ओझं. छापलंय इथे."

मित्रांनो, ते घर तिला ओझं होतं की आधार, हे माझ्यात छापलेलं नव्हतं.

"अकरा वर्षांत दोनदा आलास तू," तमसिन म्हणाली. "एकदा तर बाबांची दुर्बीण न्यायला!"

"जीभ आवर."

"का? मनातलं उतरवायलाही हाच शब्द आहे ना?" तिने कोट चढवला आणि किल्ल्या माझ्या उघड्या पानावर टाकल्या. "घर ओझं, तर घरात जे आहे तेही ओझंच. गळकं छप्पर तुमचं. केरेन आत्याही तुमची. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते तिची. आणि जपून, ती चावते."

दार धाडकन लागलं. लगेच वरून काठी आपटली. "तमसिन! भांडं आण गं, भांडं!"

मेबलने मला उचललं आणि भिंतीवर भिरकावलं.

तीन महिन्यांनी डेन्झिल तमसिनला परत बोलवायला गेला. ती पेन्झन्स गावातल्या एका बेकरीत कामाला लागली होती. तो एकटाच परतला.

"काय म्हणाली?" मेबलने विचारलं.

"म्हणाली, मला बाबांनी मोकळं केलंय. कोशात बघ."

मित्रांनो, माझी पानं आता कुणी चिकटवत नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला नीट हाताळा, आणि अर्थ विचारायला खुशाल या. पण कुणाला घराबाहेर काढायचं हे आधीच ठरवून येऊ नका.